आखाजीची घागर

चैत्र वद्य ९, शके १८३५

ठरलं! यंदा आखाजीला, अक्षयतृतीयेला, सकाळी पितरांबरोबर यांच्याही नावाची घागर भरायची. हे नाटक कंपनीमागे निघून गेले त्याला आता बारा वर्षं होतील, खबर नाही — म्हणजे शास्त्राने मेले. मामंजींनी जेवताना सांगितलं, ताक वाढायला सांगावं तसं. सासूबाई भात वाढत राहिल्या.

घागर भरली की मी विधवा. दुसऱ्या दिवशी निंबा न्हावी यायचा. केस अजून कमरेखाली येतात माझे. भीती वाटते. लिहून काढली तरी कमी होत नाही.

चैत्र वद्य १२

ताप्तीच्या वाळूत मंडप उभा राहतोय. आखाजीच्या रात्री नाटकांना सुरुवात. मामंजी मंडळाचे अध्यक्ष, त्यामुळे आमच्या ओसरीवर सदा नाटकवाले. मॅनेजर यादवराव म्हणजे शकुनांचं गाठोडं! मंडपात शिट्टी वाजवायची नाही, चारी खांबांना लिंबू, मंगळवारी तालीम नाही. कचेरीतला वसंत नायिका होतो. त्याच्या मिशासुद्धा मुहूर्तावर उतरवल्या. बाप जिवंत असता मिशा काढल्या म्हणून बाप बोलत नाही. वसंत रडकुंडीला आला होता.

मिशा काढल्या निंबानेच. जाताना मामंजींनी त्याला माझाही दिवस सांगून ठेवला. वसंताच्या निदान परत येतील.

वैशाख शुद्ध १

गेल्या साली वाऱ्याने मंडप उडून नदीत गेला होता. का? तर यादवराव म्हणतात, नायिकेच्या गळ्यात खोटं मंगळसूत्र होतं! यंदा खऱ्या सवाष्णीच्या गळ्यातलं हवं, नाहीतर पडदा उघडत नाही.

सगळी बुधवारा पेठ पालथी घातली. पाणी भरणारी धुरपदाबाई हसत सांगत होती — "कोन देईन, बाई? गळा उघडा केला न् धनी पडला तं?" सासूबाईंनी तर विचारताच आपलं दोन्ही हातांनी धरून ठेवलं.

मी दाराआडून म्हटलं, "माझं न्या."

मामंजी खूश. "समजूतदार आहे पोर!" पुढचा विचार त्यांनी केला नाही. मी केला होता.

वैशाख शुद्ध २

यादवरावांनी पाटावर ठेवून मंगळसूत्राची पूजा केली. गावभर बोभाटा — अध्यक्षांच्या सुनेचं आहे!

मी धुरपदाबाईला सहज विचारलं, सकाळी घागर भरली तर रात्री ते मंगळसूत्र कुणाचं गं? एवढंच. ती मंडपावर पाणी घालायला जाते. दुपारी यादवराव भर उन्हात अनवाणी धावत आले. "अध्यक्षसाहेब, घागर थांबवा! विधवेचं लेणं स्टेजवर? मंडप काय, माणसं उडतील!"

मामंजींचा चेहरा! भटजींना बोलावणं. भटजी बोटांवर मोजत बसले आणि निघालं असं की हिशेबातून अधिकमास वगळायचे राहिले होते. बारा वर्षं अजून पुरी नाहीत. शास्त्र फार सोयीचं असतं.

वैशाख शुद्ध ३, आखाजी

घागर भरली. आजेसासऱ्यांची.

रात्री बायकांच्या चिकाच्या पडद्याआडून नाटक पाहिलं. नारळ एका घावात फुटला. पान हलेल एवढाही वारा नाही. वसंत माझं मंगळसूत्र घट्ट धरून पतीच्या पायांशी असा काही रडला की बायका हुंदके देत होत्या. मला हसू आवरेना. पदर तोंडात कोंबला.

वैशाख शुद्ध ४

मंगळसूत्र परत आलं. मण्यांना वसंताचा रंग लागलाय. यादवराव सांगून गेले — "आता दरसाल हेच! गोदावहिनींचं सौभाग्य ते मंडळाचं सौभाग्य." निंबाला येऊ नको म्हणून निरोप गेला. आज वेणी सैल घातली, उगीच.

वैशाख शुद्ध ८

बाहेरगावची कंपनी आलीय. त्यांचा पेटीवाला देवराम मागच्या दारी आला. म्हणाला, "वैनी, तुमचे यजमान अन् मी एकाच कंपनीत होतो. ते गेले. दोन वर्सं झाली, अकोल्याला, पटकीनं. मीच होतो जवळ."

दोन वर्षं! म्हणजे आखाजीच्या रात्री वसंताच्या गळ्यात —

आणि वारा हलला नव्हता.

चुलीपुढे बसून रडले. बारा वर्षांत पहिल्यांदा त्यांच्यासाठी रडले. मग देवरामला पोटभर आमरस वाढला. म्हटलं, "भाऊ, हे गावात कुणाला सांगू नका. मंडप उडेल."