दोघांनी पाहिलेला पक्षी

१४ मार्च
बावीस तारखेपासून आपण एकटीच बहिणीकडे राहणार, असे सहधर्मचारिणीने चहा गाळताना जाहीर केले. किती दिवस, विचारले. तिने गाळणी झटकली. अर्थात हवापालट. तथापि आदल्या दिवशी तिच्यासोबत समुद्रकाठी पक्षिनिरीक्षणास जाऊन तिचे मतपरिवर्तन घडवण्याचा संकल्प सोडला आहे. पक्ष्यांचा ग्रंथ आणला. साडेतीनशे पाने. सप्ताहात मुखोद्गत.

२० मार्च
पान अकरा. प्रस्तावना अत्यंत सखोल.

२१ मार्च, सकाळी ६.२०
खाडीच्या मुखाशी बाराजण. गाइडबाई मितभाषी. नियम एकच : पक्षी दोघांनी पाहिला तरच यादीत, एकट्याने पाहिलेला बाद. आम्हांस चिंता नाही. आम्ही अग्निसाक्ष साक्षीदार.

७.४५
मी चार दुर्मिळ पक्षी दाखवले. हिने एकाचीही साक्ष दिली नाही. गाइडबाईंच्या मते पहिला प्लास्टिकचा डबा, उर्वरित कावळे. मतभिन्नता हा शास्त्राचा प्राणच.

९.३०
ही म्हणाली, "अहो, ते पुस्तक मिटा. माझ्याबरोबर नुसतं बघा जरा." सूचना स्वागतार्ह. नोंदी पूर्ण होताच अंमलबजावणी.

१०.०५
नोंदी चालू : वाऱ्याची दिशा, वाळूचा पोत, माझ्या कटिप्रदेशाची अवस्था. हिने आत्ता दंडाला हात लावला. कित्येक महिन्यांनी. वर बघा म्हणते आहे. हे वाक्य पुरे करतो आणि

१०.०७
पाहिले. आकाश होते.

दुपारी १२.३०
यादीवाचन. हिने समुद्रगरुड सांगितला. या किनाऱ्यावर चौदा वर्षांत कोणाला दिसलेला नाही. सांगताना ती उठून उभी राहिली. गाइडबाईंनी दुसरा साक्षीदार विचारला. मी तत्क्षणी हात वर केला. शेपूट कशी होती, त्यांनी विचारले. भारदस्त, मी म्हणालो. मंडळी हसली. ही हसली नाही.

"खोडून टाका," म्हणाली. "हे लिहीत होते."

परतीच्या बसमध्ये ही खिडकीबाहेर पाहत होती. एकही तक्रार नाही. अनुकूल चिन्ह.

२२ मार्च, सकाळी ८
ही गेली. हवापालटाच्या मानाने बॅगा तीन. दुर्बीण मात्र टेबलावर ठेवून गेली, म्हणजे परतणार.

८.१०
दुर्बीण माझीच, हे आता आठवले.

८.४०
बाल्कनीच्या कठड्यावर कबुतर, एक. वही मिटून, ते उडेपर्यंत नुसते पाहिले.
यादीत घेता येत नाही.