नियम चौथा आणि देवीची उजवी

डिचोली,
रविवार, दुपारची सगळी झोपलेली असताना

तीर्थरूप शेवंतीआते यांना सुविधाचा वाकून नमस्कार.

आम्ही इथे धडधाकट आहोत आणि तुम्हीही तशाच असाल असं धरून चालते. रघुनाथकाकांचा गुडघा कसा आहे? त्यांनी स्कूटर सोडली नसेल तर निदान उतारावर ती बंद करून सोडू नये, असं माझ्या नावाने सांगा. (पेट्रोल वाचतं हे खरं, पण त्या स्कूटरच्या ब्रेकवर भरवसा ठेवावा असं तिने आजवर काही केलेलं नाही.) आईने पाठवलेली आमसुलं पोचली असतील. पत्र पाहून दचकू नका. फोन केला नाही, कारण तुम्ही फोन स्पीकरवर लावून सोप्यावर ठेवता आणि मग माझं बोलणं निम्मं पेडणं ऐकतं. हे प्रकरण न्यायाचं आहे आणि त्यात पेडण्याची एक बाजू आहे. बाजारात तुमच्या कानावर काहीबाही आलंच असेल. म्हणून खरं काय घडलं ते पंचाच्या हातचं वाचा.

शेवट आधी सांगते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला राहायला नको: आते, न्याय जिंकला. पूर्णपणे जिंकला, आणि माझ्या हातून जिंकला.

आमच्या वाड्यावरच्या युवक मंडळाने यंदा क्रिकेटऐवजी मोबाईलवरच्या 'गडकोट' या खेळाची स्पर्धा ठेवली, हे तुम्हाला साईशने सांगितलं असेल. तो समजायला सोपा आहे. मधून नदी वाहते, नदीच्या उजव्या तीरावर काही किल्ले, डाव्या तीरावर काही. आपली पाळी आली की फौज उजवीकडे पाठवायची की डावीकडे, हे ठरवायचं. समोरचाही तेच करतो. शेवटी ज्याच्याकडे जास्त किल्ले तो जिंकला. ज्याने त्याने आपल्या घरी बसून खेळायचं, म्हणून डिचोली आणि पेडणे, दोन्ही तालुक्यांतून नावं आली. आता इतकी माणसं आली म्हणजे पंच हवा. मंडळाचे अध्यक्ष विठ्ठलभाऊ (बाजारात ज्यांच्याकडे भाजीपाव खातो तेच) म्हणाले, "सुविधाक करूया. तिच्याकडे डिग्री आसा." राज्यशास्त्रातल्या पदवीचा कोणाला उपयोग होतोय हे मी तरी प्रथमच ऐकलं. मी ते पद शपथ घेतल्यासारखं घेतलं आणि बसून बारा नियम लिहिले.

त्यातला चौथा माझा सर्वांत लाडका: 'खेळ चालू असताना खेळाडूने कोणत्याही बाहेरच्या व्यक्तीची अथवा यंत्राची मदत घेऊ नये, घेतल्यास तो बाद समजला जाईल.' किती स्वच्छ वाक्य आहे, नाही? पण आते, आपल्या लोकांना दुसऱ्याचा खेळ नुसता बघता येत नाही. पहिल्याच फेरीत प्रत्येक खेळाडूच्या मागे सगळं घर उभं. कॅमेऱ्यात खेळाडूचा चेहरा एक आणि हनुवट्या सहा. कोणी बोलत नव्हतं, मी ताकीदच दिली होती, पण हळहळत होते. हळहळणं ही मदत आहे का, यावर पहिली तक्रार आली. मी विचार करून निर्णय दिला की चाल होण्याआधी 'अरेरे' म्हटलं तर ती मदत, चाल झाल्यावर म्हटलं तर ते दुःख. हा निर्णय दोन्ही तालुक्यांत मानला गेला. त्या दिवसापासून लोक मला वाटेत थांबवून नमस्कार करू लागले.

अंतिम सामना आला आमच्या साईशचा आणि पेडण्याच्या हर्षाचा. हर्षा औषधांच्या दुकानात कामाला असते, तुम्ही तिला ओळखत असाल. तीच ती, चिठ्ठीवरचं अक्षर लागलं नाही तर डॉक्टरांना फोन करून खडसावते. भावाच्या सामन्यात बहीण पंच नको म्हणून मी आपणहून बाजूला झाले. तसं हर्षाच्या मंडळाला कळवलं. त्यांनी विचारलं, मग पंच कोण? विठ्ठलभाऊ म्हणाले, मी आहे ना. त्यावर पेडण्याहून तातडीचं उत्तर आलं, बहीणच असू द्या.

सामना सुरू झाला. साईश आमच्या बलकांवात, दारापुढच्या ओसरीत, बसला होता (घरात नेटवर्क तिथेच येतं), समोर कॅमेरा, आणि मी विठ्ठलभाऊंच्या दुकानात मोठ्या पडद्यावर दोघांना न्याहाळत होते. थोड्या वेळाने एक गोष्ट माझ्या लक्षात आली. साईशची पाळी आली की तो काहीच करत नसे. छताकडे बघे. घड्याळ संपत आलं की त्याच्या खिशातला दुसरा फोन वाजे, तो उचलून नुसतं "हां" म्हणे आणि चाल करे. आणि चाली काय, आते! उजव्या तीरावर शत्रूची फौज संपलेली दिसत असताना हा आपली माणसं डावीकडे तोफांच्या तोंडी पाठवी. दुकानातली माणसं दुःख करून करून दमली. पण गंमत अशी की हर्षा फार विचारी मुलगी. इतकी मूर्ख चाल शुद्धीवरचा माणूस करणारच नाही, तेव्हा यात काहीतरी खोल डाव असणार, असं धरून ती दर वेळी आपली अर्धी फौज राखून ठेवू लागली. अशा रीतीने घाबरत घाबरत ती हरली आणि आमचा साईश एका किल्ल्याने जिंकला. वाड्यावर फटाके वाजले. ते विझायच्या आत हर्षाची तक्रार आली. तिने एकच प्रश्न विचारला होता: फोन कोणाचा?

मी साईशला बाजूला घेतलं. त्याने लगेच सांगून टाकलं. "ताये, मी नको नको म्हणत होतो. पण बाबांचो फोन कसो कापू?"

आपल्या घरची रीत तुम्हाला मी काय सांगू? विहीर खणायची, टिपर घ्यायचा, म्हैस विकायची, प्रत्येक वेळी बाबा देवळात जातात, पुजारी देवीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या लावतो, आणि उजवी पडली की हो, डावी पडली की नाही. मला कॉलेजात घालायचं तेव्हाही बाबा देवीलाच विचारून आले, उजवी मिळाली म्हणाले, आणि म्हणून आपल्या घरात पहिली पदवी आली. सामन्याच्या दिवशी बाबांनी हेच केलं होतं. साईशची पाळी आली की देवीला विचारायचं, उजवा तीर की डावा? पाकळी पडली की धावत बाहेर तुळशीपाशी यायचं (गाभाऱ्यापाशी रेंज नाही) आणि साईशला फोन करायचा. पाकळी आपल्या वेळेने पडणार, खेळाचं घड्याळ आपल्या वेळेने धावणार. बाबांची किती पळापळ झाली असेल याची कल्पना करा.

मंडळाच्या खोलीत सुनावणी घेतली. हर्षा आणि तिची माणसं बस करून आली. विठ्ठलभाऊ साईशच्या बाजूने उभे राहिले आणि त्यांनी माझाच नियम माझ्यापुढे धरला. "बाहेरची व्यक्ती म्हटलंय गो तुवें. देवी भायली? आमच्याच गावात देवी भायली?" सगळी खोली 'बरोबर, बरोबर' म्हणाली. पेडणेकरांपैकी एक म्हणाला, देव आमच्याकडेही आहे, पण आम्ही त्याला खेळात ओढत नाही. विठ्ठलभाऊ म्हणाले, तो तुमचा प्रश्न, विचारायचं होतं. हातघाईवर येण्याची वेळ आली. मी उभी राहिले. मी म्हटलं, देवी बाहेरची नाही आणि व्यक्ती नाही, हे पंचाला मान्य आहे. देवीने कोणाला काय सांगावं यावर नियम चौथा काही बोलत नाही. (पेडणेकरांचे चेहरे पडले.) पण देवीने साईशला काही सांगितलं नाही. देवीने सांगितलं बाबांना. बाबांनी सांगितलं साईशला. बाबा ही व्यक्ती आहे, आणि फोन हे यंत्र आहे.

आते, पेडणेकरांचे पडलेले चेहरे पुन्हा वर आले.

विठ्ठलभाऊ सहज हार मानणारे नव्हेत. ते म्हणाले, मदत म्हणजे उपयोगी पडते ती. त्या चालींनी पोराचे किल्ले गेले, मग ती मदत कसली? आणि देवी चुकीचं सांगणार नाही, म्हणजे फोनवर हे बोलणं झालंच नाही! हा मुद्दा वजनदार होता. मी जागेची पाहणी जाहीर केली. सगळे देवळात गेलो. मी बाबांना म्हटलं, कुठे उभे होतात ते दाखवा. ते उंबऱ्यापाशी, देवीकडे तोंड करून उभे राहिले. मी विचारलं, उजवी पडली की कोणत्या बाजूला पडायची? बाबांनी आपला उजवा हात वर केला. पुजारी आतून ओरडला, "अरे सगुण, उजवी म्हणजे देवीची! तुझी न्हय!"

एरवी पुजारीच निकाल सांगतो, त्यामुळे हा प्रश्न कधी आला नव्हता. त्या दिवशी पाकळ्या लावून लावून कंटाळून तो प्रत्येक वेळी आपल्या कामाला लागे आणि बाबा स्वतः बघत. आणि बाबांनी आयुष्यभर खनिजाचा टिपर चालवला. त्यांच्यासाठी उजवं म्हणजे स्टिअरिंगवर बसलेल्याचं उजवं. देवीने प्रत्येक चाल अचूक सांगितली होती. बाबांनी प्रत्येक चाल उलटी पोचवली. मी तिथेच, सभामंडपात, निकाल दिला: साईशपर्यंत जे पोचलं ते देवीचं नव्हतंच, ते संपूर्णपणे बाबांचं होतं; तेव्हा बाहेरच्या व्यक्तीची मदत सिद्ध होते; मदत चांगली असावी असं नियमात कुठेही म्हटलेलं नाही; साईश बाद, चषक हर्षाला.

मग पहिली टाळी साईशनेच वाजवली, गुणी पोर! मागून सगळ्यांनी वाजवल्या, विठ्ठलभाऊंनीसुद्धा, आणि पेडणेकरांना भाजीपाव खाल्ल्याशिवाय त्यांनी बसमध्ये चढू दिलं नाही. हर्षा चषक कवटाळून मला म्हणाली, "सख्ख्या भावाला बाद करणारी पंच मी पहिल्यांदाच बघितली." आता त्यांच्या मंडळाने मला पेडण्याच्या स्पर्धेसाठी पंच म्हणून बोलावलं आहे. नियमांचा कागद त्यांनी जशाच्या तसा मागून नेला. आते, एक माणूस सरळ उभं राहिलं तर दोन तालुके सरळ होतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं. पुस्तकात वाचलं होतं तेव्हा इतकं खरं वाटलं नव्हतं.

काकांना नमस्कार. तुमच्या न्यायप्रिय भाचीवर लोभ असावा.

सुविधा

ता. क. एक बारीकशी गोष्ट राहिली. बाबा माझ्याशी बोलत नाहीत. साईश बाद झाल्याचं त्यांना काही वाटलेलं नाही. साऱ्या गावासमोर, देवीसमोर, मी त्यांना उजवा हात वर करायला लावला, हे लागलं आहे. ज्या माणसाने घाटात भरलेला टिपर मागे घेतला, त्याला उजवं-डावं कळत नाही असं ठरलं. जेवताना आईला सांगतात, "कमल, तुझ्या पंचबायेक मीठ दी." मीठ माझ्याच हाताशी असतं. तुम्ही त्यांची मोठी बहीण, तुमच्यापुढे ते चकार शब्द काढत नाहीत. एक फोन करा. मी सांगितलं असं म्हणू नका. (यात नियम चौथ्याचा भंग होत नाही, मी तपासलं आहे, तो फक्त खेळाडूंना लागू आहे.)

ता. ता. क. आणि खरं विचारायचं ते हे. सहीनंतर लिहिते आहे, कारण वर लिहवेना. माझ्या कॉलेजसाठी पाकळी लावली तेव्हा तुम्ही देवळात होतात. त्या दिवशी निकाल पुजाऱ्याने सांगितला होता, की बाबांनी स्वतः बघितला होता? बाबांनी बघितला असेल, तर त्यांची उजवी म्हणजे देवीची डावी. म्हणजे देवी नको म्हणत होती, आणि मी पदवी घेऊन बसले. पंचाला असा प्रश्न टाळता येत नाही. झोप लागत नाही, आते. उत्तर पत्रानेच द्या, स्पीकरवर नको.

ता. ता. ता. क. पाकीट चिकटवायचं थांबले, ते बरं झालं. बाबा झोपून उठले, चहा घेऊन बलकांवात आले आणि आईला मध्ये न घालता मला म्हणाले, "नियमात घाल. उजवी म्हणजे देवीची उजवी." मी तेरावा नियम तिथल्या तिथे लिहिला आणि त्यांना वाचून दाखवला. मग धीर करून कॉलेजच्या पाकळीचं विचारलं. बाबांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "ती पडूकच ना गो. दोनूय पाकळ्यो चिकटून रावल्यो. फॉर्माचो शेवटचो दीस. मी म्हटलं, पडली उजवी, आणि गेलो फॉर्म भरूक. तुझी आते आसली बाजूक. ती काय बोलूक ना."

तुम्हाला इतकी वर्षं ठाऊक होतं तर!

मी प्रकरण रीतसर तपासलं. खोटा निकाल, एक साक्षीदार, तिचं मौन, सगळं सिद्ध आहे. परंतु नियम नववा सांगतो की निकालानंतर एका दिवसात तक्रार न आल्यास निकाल कायम. देवीची तक्रार आजतागायत आलेली नाही. माझी पदवी कायम.

फोन करू नका. केलाच, तर या खेपेला स्पीकरवर मी लावीन, बाबांना दोघींचाही आवाज ऐकू दे.