सातव्या पाठाखालच्या रिकाम्या ओळी

मी, फान चिंग-लाम, वय बावीस, कॉलेज दुसऱ्या वर्षातून सोडलेला, सध्या फिरत्या नाटकमंडळीत पडदे ओढणारा आणि मंडळीतल्या मुलांना शिकवणारा, आज शेक ताम बेटावर बांबूच्या मंचामागे कपड्यांच्या पेटीवर बसून हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. दारू घेतलेली नाही. कोणी भरीस घातलेले नाही, उलट सगळे अडवत आहेत.

कारण आधी सांगतो. नव्या जागेवर मंच उभारला की पहिल्या खेळाआधी पांढरा वाघ बांधावा लागतो. काळे तोंड रंगवून देव झालेला नट येतो, वाघाचे कातडे घातलेल्या नटाला मांस दाखवतो, साखळीत धरतो. तोंडे रंगवायला घेतल्यापासून तो बांधला जाईपर्यंत मंचामागे कोणी अक्षर बोलायचे नाही, नाव तर मुळीच घ्यायचे नाही. हिवाळ्यात मिठागराच्या गावी हा विधी चालू असताना एका मुलाच्या बाहीवर दिवा कलंडला आणि मोक युक-सीम ओरडली. बाही वाचली. आठवड्यात तिचा आवाज गेला. आमची ही नायिका आता फक्त कुजबुजते. मालक म्हणतात, इथली जत्रा झाली की तिला परतीच्या बोटीत बसवू, वाघ मागे लागलेली बाई मंडळीत नको. गाण्याशिवाय तिला दुसरे काही येत नाही, आणि घर म्हणावे असे कुठे नाही.

जुनी माणसे यावर एकच तोड सांगतात. पुढच्या नव्या जागेवर दुसऱ्याने, वाघ सुटा असताना, स्वतःचे पूर्ण नाव मोठ्याने घ्यायचे. मग वाघ पहिल्याला सोडतो आणि या दुसऱ्याला नेतो. शेक तामला मंच पहिल्यांदाच उभा राहतो आहे. आज संध्याकाळी मी नाव घेणार आहे.

माझा यावर विश्वास नाही. मालकांचा आहे, तेवढे मला पुरे आहे.

१. घर नाही, जमीन नाही. पांघरूण आणि शाईचे पेन आईला, काउलूनच्या बाजारात ती सोयाचे दही विकते. तिला सांगावे की मुलगा बोटीवरून पडला. वाघाचे सांगू नये, ती विश्वास ठेवील.

२. छत्री, काडी मोडलेली, सोन्याच्या दुकानवाल्याच्या मुलाला. युक-सीमला आवाज होता तोवर हा दर खेळाला संत्र्यांची टोपली पाठवायचा. हिवाळ्यानंतर संत्र्याची एक सालसुद्धा आली नाही. पावसात त्याने हीच उघडावी.

३. ज्या प्राध्यापकांच्या वर्गातून मी पुस्तक भिरकावून निघालो, त्यांना लाल रंगाची डबी. नाटकाच्या इतिहासाच्या जाडजूड पुस्तकात आमच्या खेळांना त्यांनी एक ओळ दिली होती, तीही तळटीपेत. रंग तोंडाला लावून एकदा आरशात पाहावे.

४. आता खरी मालमत्ता. मुलांसाठी मी हाताने केलेले पुस्तक, 'नाटकाचा इतिहास'. कागद जुन्या जाहिरातींच्या पाठीचे, खळ भाताची, पुठ्ठ्यावर सेनापतीच्या फाटक्या झग्याचे अस्तर. मुखवट्यांची चित्रे तोंडाच्या रंगाने काढली, ती चूक झाली. तो रंग वाळतच नाही. पाने चिकटतात, सोडवताना मुलांची बोटे लाल होतात. हे पुस्तक युक-सीमला. तिने पुढे शिकवावे. कुजबुजून शिकवले तर मुले उलट जास्त लक्ष देतील.

सातवा पाठ पांढऱ्या वाघाचा. त्यात मी लिहिले आहे की मंचामागे गोंगाट होऊ नये म्हणून जुन्या लोकांनी काढलेली ही युक्ती. शेवटी प्रश्न: वाघाला कोण भितो? उत्तर: ज्याला प्रश्न विचारता येत नाही तो. वाघाचे कातडे घालणारे होई काका, ज्यांची खाली साक्ष आहे, त्यांना मी विचारले, "काका, माझा पाठ कळला ना?"

"पोरांनी वाचून दाखवला. झकास आहे," ते म्हणाले. "वाघाला मात्र अजून कुणी वाचून दाखवलेला नाही."

"म्हणजे तुम्हालाच ना?"

"मी नुसतं कातडं घालतो रे बाबा. आत गेल्यावर काय होतं ते मला विचारू नकोस."

युक-सीमला मी बेत सांगितला तेव्हा ती केस विंचरत होती. तिने फणी फेकून मारली. घोगऱ्या कुजबुजीत म्हणाली, "कॉलेज अर्धवट सोडलंस, गाढवा. मरणं तरी पुरं करशील का?" मग तोंड फिरवून बसली. फणी मी परत दिलेली नाही. ती माझ्यासोबत राहू द्यावी.

५. एक गोष्ट नोंदवून ठेवतो, कारण मृत्युपत्रात लपवाछपवी नको. दुपारी सगळे जेवायला गेले असता मंचाच्या फळ्यांखालून कोणीतरी माझे पूर्ण नाव घेतले. इथे मला सगळे 'मास्तर' म्हणतात. पूर्ण नाव फक्त युक-सीमला ठाऊक आहे, आणि तिला आवाज नाही. वाकून पाहिले. ओली वाळू होती. बांबू वाऱ्याने करकरतात, तसेच काही असेल. वारा आज पडलेला आहे.

६. उद्या सकाळी मी पेज मागायला आलो, तर कपडे सांभाळणाऱ्या लो आत्यांनी हा कागद चुलीत घालावा आणि माझी हवी तेवढी थट्टा करावी. आलो नाही, आणि युक-सीमचा आवाज परत आला, तर मालकांनी तिला पहिल्याच रात्री मुख्य भूमिका द्यावी. सातव्या पाठाचे उत्तर तिने खोडावे. त्याखाली मी काही ओळी रिकाम्या सोडल्या आहेत. जे घडले तेच तिथे लिहावे, माझी लाज राखायला खोटे लिहू नये. आणि यापुढे वाघ बांधला जाईपर्यंत हा पाठ कोणी मोठ्याने वाचू नये.

शेक ताम बेट, १२ एप्रिल १९७४, दिवे लागायच्या आधी.

सही: फान चिंग-लाम

साक्षीदार पहिला: टाम होई-सिंग, वाघ. (लिहिता येत नाही म्हणून अंगठा. तोंड रंगवायला घेतले आहे, यापुढे ते बोलणार नाहीत. ठसा पांढरा उमटला आहे.)

साक्षीदार दुसरी: लो याऊ-हो, कपडेवाली. सही करेपर्यंत पोरगा धडधाकट होता आणि ऐकत नव्हता. पेजेला तांदूळ त्याच्या वाटचेही भिजत घातले आहेत.