शेरीफची उघडी बंदूक

धायरी, पुणे
सोमवार, १३ जानेवारी २०२५, दुपारी ३ वाजून २० मिनिटे. गॅलरीत बसून नव्या बुटांना पॉलिश करत होतो, तेवढ्यात तुमचे कार्ड आले.

ती. दशरथमामांस,
धम्मदीपचा सविनय जयभीम. वि. वि.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही हे एका परीने बरे आहे, नाहीतर आईने आधीच सगळे सांगून टाकले असते. मला नोकरी लागली. घराजवळच्या नव्या हॉटेलच्या दारावर शेरीफ म्हणून उभे राहायचे. शेरीफ म्हणजे अमेरिकेतला, लोकांनी निवडून दिलेला फौजदार. डोक्यावर टोपी, छातीवर तारा, कमरेला पट्टा आणि बंदूक. पगार चौदा हजार. हॉटेल गेल्या दिवाळीत उघडले, पण पाटीवर '१९१० पासून' असे आहे. त्यामुळे मलाही त्याच सालचे राहणे भाग आहे.

बंदूक मी निवडायची आहे. मालक राजससरांनी पंधराशे रुपये दिले. बुधवार पेठेत नाटकाचे सामान विकणाऱ्याकडे तीन पाहिल्या: चकचकीत लांब रिव्हॉल्व्हर, चपटे पिस्तूल आणि लाकूड-पत्र्याची दुनळी, दोन नळ्यांची. तिन्ही खोट्या. सर म्हणतात रिव्हॉल्व्हर घे, फोटोत उठून दिसते. मोबाइलवर वाचावे तर प्रत्येक जण वेगळे सांगतो. तुम्ही राखीव पोलीस दलाच्या शस्त्रागारात एकतीस वर्षे काढलीत. त्या सालच्या फौजदाराने काय घेतले असते? चुकीचे घेतले तर माझी झोप जाईल. आई म्हणते, खेळण्यासाठी एवढा झुरणारा मुलगा तिने कुठे पाहिला नाही.

आहे तेवढी माया राहू द्यावी.
आपला भाचा,
धम्मदीप

दौंड
१८ जानेवारी २०२५

चि. धम्मदीप यास दशरथमामाचे आशीर्वाद.

पत्र पोचले. घरात माझ्या रूपाने एक खरा हवालदार होऊन गेला, आता खोटा फौजदार झाला. बढतीच म्हणायची.

दुनळी घे. रिव्हॉल्व्हर हा रुबाबाचा माल. थोडे अंतर पडले की गोळी कुठे जाईल हे चालवणाऱ्यालाही ठाऊक नसते. एवढ्या मोठ्या मुलखात एकटा हिंडणारा फौजदार लांबून दिसेल असे हत्यार घेईल, म्हणजे समोरचा भांडण काढण्याआधी विचार करतो. तसले चपटे पिस्तूल त्या काळी नवे होते. नवे हत्यार आधी दुसऱ्याच्या हातात बघावे.

आता महत्त्वाचे. दारावर असशील तेव्हा बंदूक मधून उघडून कोपरावर आडवी ठेव. दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत हे येणाऱ्याला दिसले पाहिजे. जो जेवायला आला त्याच्यासमोर ती मिटायची नाही. खेळण्यालाही हाच नियम, कारण ते खेळणे आहे हे तुला माहीत, त्याला नाही. आणि बंदूक खोटी आहे असा पोलीस चौकीत अर्ज देऊन ये.

चंद्रभागेला सांग, तिचा भाऊही तिच्या मुलाइतकाच झुरायचा.
खुशाली कळवत जा.
दशरथमामा

धायरी
सोमवार, २७ जानेवारी २०२५

ती. मामांस सविनय जयभीम. वि. वि.

दुनळी घेतली. अठराशे पन्नासला पडली, वरचे माझे. चौकीतल्या हवालदारांनी अर्ज दोनदा वाचला, खाडाखोड नाही म्हणून कौतुक केले आणि माझी टोपी घालून फोटो काढून घेतला.

बंदूक उघडीच ठेवतो. सरांना ते पसंत नाही. गिऱ्हाइकांना छातीला नळी लावून हात वर केलेला फोटो हवा असतो. मी नम्रपणे नाही म्हणतो. सर म्हणाले, हा शेरीफ आहे की छत्री दुरुस्त करणारा? सगळे हसले. मी उघडीच ठेवली.

पण आता वेगळीच काळजी आहे. हॉटेलच्या कुंपणाबाहेर शालनताई अंडाभुर्जीची गाडी लावतात, हॉटेलच्या कितीतरी आधीपासून. सर म्हणतात, रोज संध्याकाळी बंदूक मिटून तिच्यासमोर जाऊन उभा राहा. बोलायचे काही नाही, नुसते उभे राहायचे. आठ दिवसांत जाईल. मी म्हटले, विचार करतो. ते म्हणाले, शेरीफ विचार करत नाही. आई म्हणते, नोकरी टिकव. माझ्याने ते होणार नाही, पण नाही कसे म्हणावे हेही समजत नाही. दारावर उभे राहायला मात्र मला आवडू लागले आहे.

आपल्या शब्दाची वाट पाहतो.
धम्मदीप

दौंड
१ फेब्रुवारी २०२५

चि. धम्मदीप यास आशीर्वाद.

हुकूम लेखी माग. सही आणि तारखेसकट. शब्द त्यांचे, कागद तुझा. ज्या साहेबाला सही जड जाते, त्याचा हुकूम पाळायचा नसतो. नोकरी जाईल, हे मनात धरूनच माग.

दशरथमामा

धायरी
सोमवार, १० फेब्रुवारी २०२५, सायंकाळी ६ वाजून ४० मिनिटे. शालनताईंच्या गाडीजवळच्या बाकावर बसून लिहीत आहे.

ती. मामांस सविनय जयभीम. वि. वि.

नोकरी गेली. काल रविवारी दारात बरीच मंडळी टेबलाची वाट पाहत होती. सर त्यांच्यादेखत मला म्हणाले, आज जायचेच. मी काउंटरवरून कागद-पेन आणून त्यांच्यापुढे धरले आणि विनंती केली, की मी भरलेली वाटेल अशी बंदूक घेऊन एका बाईच्या गाडीसमोर उभे राहावे, एवढे लिहून खाली सही करावी. वाक्य पूर्ण बोललो. सर आधी हसले. मग रांगेतल्या एका आजोबांनी त्यांना शांतपणे विचारले, पेन चालत नाही का? सरांनी मला टोपी काढायला सांगितले. मी टोपी, तारा, पट्टा काढून ठेवला आणि बंदूकही.

शालनताईंना सगळे सांगितले. त्या म्हणाल्या, की टोपीत मी बरा दिसत होतो, आता पुन्हा साधा क्लार्क दिसतो, आणि कांदा जास्त घालू का. आज मी माझ्याच शर्टात, हॉटेलच्या दाराकडे तोंड करून इथे बसलो आहे. मला उठवायला सरांनी पार्किंगवाल्या सूरजला पाठवले. तो आला, शेजारी बसला आणि त्याने हाफ भुर्जी मागवली.

आई रागावली आहे. तरी सकाळी शर्टाला इस्त्री तिनेच केली.

आपला लोभ या बेकार भाच्यावरही असावा.
धम्मदीप

खर्च: बंदुकीत घातलेले ३५०, भुर्जीपाव ७०, पाकीट ५. एकूण ४२५ रुपये.
देणे: कोणाचेही नाही.
येणे: फेब्रुवारीचे नऊ दिवस, ४५०० रुपये, राजससरांकडून. उद्या संध्याकाळी गर्दीच्या वेळी, पुढच्या दाराने मागायला जाणार आहे.