कल्याण खात्याची खोड मोडताना

३ जून, सकाळी
आजपासून कल्याण खात्याशी युद्ध. ताईकडे येणाऱ्या मदतनीस बाईंचे दिवस खात्याने आठवड्याला तीनवरून दोन केले. पत्र नाही, फोन नाही. थोरली बहीण आमच्याच घरी वर्षभर अंथरुणाला खिळलेली. बाई येतात, तिला आंघोळ घालतात, कुशीवर वळवतात, पाठीला जखम होऊ नये म्हणून मलम लावतात. खात्याला गाठ कोणाशी आहे ते ठाऊक नाही. कारखान्याच्या स्टोअरमध्ये एकतीस वर्षं काढली मी. सहीशिवाय वॉशरसुद्धा बाहेर गेला नाही.
बायको म्हणाली, जाऊन नीट विनंती करा, देतील तिसरा दिवस. विनंत्या करणाऱ्यांमुळेच ही खाती माजलीत.

५ जून
पहिला अर्ज. अकरा पानं. खिडकीवरच्या माणसाने दोनदा विचारलं, एवढंच ना? घाबरलाय.

११ जून
मोठा शोध! मागच्या गल्लीत नगरसेवकाचे सासरे राहतात. रोज सकाळी फिरायला जातात, हातात काठीसुद्धा नाही. आणि त्यांच्याकडे मदतनीस आठवड्याचे सहा दिवस!
नियमपुस्तिका मिळवली. नियम चौदा: घरात धडधाकट, मोकळा माणूस असल्यास मदतनीस देता येणार नाही. सासऱ्यांचा जावई, खुद्द नगरसेवक, त्यांच्याच घरात राहतो आणि चांगला पैलवान आहे. सापडले!
अर्ज क्रमांक चार: नियम चौदा या वॉर्डात तंतोतंत लावा, कोणाचीही गय करू नका. ‘कोणाचीही’खाली दोन रेघा.
बायकोने विचारलं, आपल्या घरात धडधाकट कोण? म्हटलं, विषय सासऱ्यांचा चाललाय.

१९ जून
खात्यातून एका मॅडमचा फोन. आवाज अगदी मऊ. घरी कोण कोण असतं, मी कधी उठतो, जिने चढता येतात का. चौसष्ट वय, तरी तुमचे तीन मजले फाइली घेऊन चढतो, असं ठणकावलं. त्या म्हणाल्या, वा. मग बराच वेळ नुसता टाइप केल्याचा आवाज.
ताईची पाठ लाल झालीय. बायको एकटीच तिला वळवते, कंबर गेली म्हणते. उद्यापासून हात लावणार. आज परिशिष्टं.

२४ जून
फाटकासमोर दोन माणसं. एकाने घराचे फोटो काढले, मग फाइलींची पिशवी उचलताना माझा. मी छाती पुढे काढून उभा राहिलो. शेजारचा कंपाउंडर म्हणाला, सांभाळून, ही माणसं येऊन गेली की काहीतरी बंद होतं. मी हसलो. बंद होणार ते सासऱ्यांचं!

२ जुलै
मदतनीस बाई बायकोला हळूच म्हणाल्या, दादांना सांगा, अर्ज मागे घ्या, आमच्या ऑफिसात नवी यादी निघतेय. म्हणजे खात्याने बाईंनाही फोडलं तर! अर्ज क्रमांक सात आजच टाकला.
ताईला हात लावायचं राहिलं.

१५ जुलै
सुनावणी. खोलीत मॅडम, एक लेखनिक आणि बंद खिडक्या. वाद घालायला मी पाठ करून गेलो होतो, पण कोणी वाद घालेना. मॅडमनी माझे सातही अर्ज एकावर एक रचले, अक्षराचं कौतुक केलं, विचारलं, सगळं स्वतः लिहिता? रोज किती तास? कमीत कमी आठ, मी म्हणालो. बसून पाठ दुखत नाही? अजिबात नाही! लेखनिकाने सगळं लिहून घेतलं, मी सही ठोकली.
बाहेर पडलो तर व्हरांड्यात कोणी माझ्याकडे बघेना. दरारा!
 

२८ जुलै
विजय! रजिस्टर पत्र. पहिलंच वाक्य: आपली तक्रार पूर्णतः मान्य करण्यात येत आहे. फाटकातूनच ओरडून कंपाउंडरला सांगितलं.

२८ जुलै, दुपारी
दुसरं पान बायकोने वाचलं. आपल्या मागणीनुसार नियम चौदा लागू. सासऱ्यांच्या जावयाने मणक्याच्या आजाराचा दाखला दिल्याने त्यांचे सहा दिवस कायम. आपल्या घरी धडधाकट, मोकळा माणूस असल्याचं आपले अर्ज, फोटो व सहीच्या जबाबावरून सिद्ध होत असल्याने आपल्याकडील मदतनीस एक ऑगस्टपासून बंद. निर्णय अंतिम.
बायकोने पत्राची घडी घातली आणि माझ्या फाइलींच्या पिशवीत ठेवली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

१ ऑगस्ट, सकाळी
बाई आल्या नाहीत. बायकोला कमरेमुळे उठता येत नाही. ताईला वळवायला मीच गेलो. कुठे धरायचं ते कळेना. चुकीच्या जागी धरलं, ती कळवळली. पाठीची जखम उघडी पडलीय, पैशाएवढी. मी आज पहिल्यांदा पाहिली. मला रडू आलं.
ताईने विचारलं, बाई का नाही आल्या रे? म्हटलं, खात्याने बंद केल्या.
ती म्हणाली, असं कसं बंद करतात? तू लिहिण्यात हुशार आहेस, एक तक्रार करून बघ ना.