ओटीचा नारळ

सोमवार, संध्याकाळ

काल शेजारच्या पोरीच्या डोहाळजेवणात मी सुनेच्या हातातून ओटीचा नारळ ओढून घेतला. बायांसमोर म्हटलं, "तुही कूस कोरडी, तू कायले ओटी भरून राह्यली?"

आज मीच तिले दारव्ह्याच्या डॉक्टरीणबाईकडे नेलं. बाई म्हणाल्या, ती तोंडावरच्या मुरमांसाठी घेते त्या गोळ्या अ जीवनसत्त्वाच्याच जातीच्या. पोटातल्या लेकराचे हातपाय घडवाले ते मापातच लागते, जास्त गेलं की लेकराची घडण बिघडते. म्हणून गोळ्या चालू असेपर्यंत दिवस राहू द्यायचे नाहीत.

येताना जीपमध्ये विचारलं, "मले काहून नाही सांगतलं?"

"सांगतलं असतं तर तुम्ही गोळ्या फेकल्या असत्या, आई."

तो नारळ. कसा ओढला मी.

फेकल्याच असत्या.