चिठ्ठीत एकही चूक नाही

विश्रांतवाडी, पुणे
गुरुवार, २० नोव्हेंबर २०२५

सौ. शालूताईस,

विक्रमचा नमस्कार. तुझी कंबर आता कशी आहे? मी बरा आहे. घसा बसला होता, तो दोन दिवस हळद-दूध घेतल्यावर मोकळा झाला. प्रेसमध्ये लग्नपत्रिकांचा हंगाम सुरू आहे, त्यामुळे प्रुफं तपासण्यातून जेवायची सुट्टी सोडली तर वेळ मिळत नाही.

तुझा मोबाइल दाजीही बघतात, म्हणून कागदावर लिहितो आहे. शिवाय फोनवर मला सलग सांगता येत नाही. तू 'बरं, पुढे' म्हणालीस की मी पुढचं विसरतो. पाकीट चिकटवून तुमच्या शेजारच्या सुशीलाबाईंकडे ठेवतो. त्या विचारतील काय आहे, तर पत्रिकेचा नमुना आहे असं सांगणार आहे.

तू सांगितलेलं काम पूर्ण झालं. शेफाली जी जपानी कार्टून मालिका बघते, तिचे चोवीसही भाग मी पाहिले. तुझे प्रश्न दोन होते. मालिका तिच्या वयाच्या मुलीने बघण्यासारखी आहे का, आणि तिच्या विज्ञानाच्या प्रयोगवहीत तुला जी चिठ्ठी सापडली, ती त्या मालिकेतून उतरवलेली आहे का. सोमवारी दाजी शाळेत जाऊन तिचा दाखला काढणार आणि तिला सासवडला आजीकडे ठेवणार, असं तू म्हणालीस. नववीचं निम्मं वर्ष संपलेलं असताना. म्हणून सोमवारच्या आत लिहितो आहे.

मालिका हिंदीतून बोलते. जपानी नावं मला अजून खात्रीने लिहिता येत नाहीत, तेव्हा मुलगी आणि मुलगा एवढंच म्हणतो. त्यांच्या शाळेत मुलं बाहेरच्या चपला काढून एका कपाटात ठेवतात. प्रत्येकाला एक खण असतो. एके दिवशी त्या मुलीच्या खणात चिठ्ठी निघते, खाली नाव नसतं. ती कोणी लिहिली, हे शोधण्यात मालिका निम्मी संपते. उरलेली निम्मी, आता सापडला तर त्याला काय सांगायचं, यात संपते.

आधी चांगलं सांगतो. चित्रं फार मनापासून काढलेली आहेत. विशेषतः हात. मुलगा फळा पुसतो तेव्हा खडूची पूड त्याच्या बाहीवर पडते आणि ती पुढच्या प्रसंगातही तिथेच असते. इतकी काळजी आमच्या प्रेसमध्येसुद्धा कोणी घेत नाही. दुसरं, मालिकेत दुष्ट कोणी नाही. सगळे आपापल्या परीने बरे वागतात आणि तरीही गोंधळ होतो. तिसरं, मुलीची आई. एका भागात मुलगी शाळेतून येते आणि बोलत नाही. आई काही विचारत नाही. फळ सोलते, फोडी करते, बशी मधे ठेवते आणि बसून राहते. तीन मिनिटं कोणी बोलत नाही आणि कंटाळा येत नाही. तो भाग मी दोनदा पाहिला.

ओंगळ काही नाही. अकराव्या भागात हात धरतात. विसाव्या भागात एकदा मुका घेतात, पण दोघांची डोकी आपटतात, आणि पुढचा सगळा भाग ते एकमेकांची माफी मागण्यात घालवतात. आमचे मालक गोपाळकृष्ण सर डबा खाता खाता मागे उभे राहून बघायचे. एकदा म्हणाले, "अजून हात नाही धरला? आमच्यात एवढ्या वेळात बारसं होतं."

आता दोष. पहिला, कोणी वाक्य पूर्ण करत नाही. मुलगा 'मला तुला सांगायचं होतं की' इथवर येतो आणि आगगाडी जाते, नाहीतर घंटा होते, नाहीतर मित्र हाक मारतो. मी मोजलं, सतरा वेळा. दुसरा, तेराव्या ते सोळाव्या भागात सहल आहे आणि त्यात काहीही घडत नाही. तिसरा, वडील कुठेच दिसत नाहीत. मुलाचे वडील बदलीच्या गावी आहेत आणि मुलीचे वडील कायम ऑफिसात. वडील घरी असते तर मालिका चौथ्या भागात संपली असती. चौथा, ही मुलं उठसूट 'तुझ्याशिवाय मी मरेन' म्हणतात. चोवीस भागांत कोणाला साधा तापही येत नाही.

सगळ्यात मोठा दोष मात्र ती चिठ्ठी. ती कोणी लिहिली हे कळायला अकरा भाग लागतात. चिठ्ठी हाताने लिहिलेली. वर्गात तीस मुलं. सगळ्यांच्या वह्या बाईंच्या टेबलावर. एवढं असून कोणी अक्षर ताडून बघत नाही. हे मला अजिबात पटलं नाही. आमच्या शाळेत एक तास लागला होता.

ताई, इथे मी कालचं पत्र थांबवलं होतं. ते फाडून हे आज पुन्हा लिहायला घेतलं आहे.

मी दहावीत होतो. त्या दिवशी दाजी पहिल्या पाळीला होते, म्हणून शाळेत तू आलीस. छोटी शेफाली तुझ्या कडेवर होती. मुख्याध्यापकांनी माझ्या वर्गातल्या तेजस्विनीच्या दप्तरात सापडलेली चिठ्ठी तुझ्यापुढे ठेवली आणि विचारलं, हे तुमच्या भावाचं आहे का. मी दाराशी उभा होतो. चिठ्ठीत तीनच वाक्यं होती. तुझा निबंध सरांनी वर्गात वाचून दाखवला, तो मला आवडला. तूही आवडतेस. उत्तर नको. अक्षर मी डाव्या हाताने काढलं होतं, वह्यांशी ताडून नुसता संशय येत होता, खात्री कोणाला झाली नसती.

तू चिठ्ठी वाचलीस. तू रागावली नव्हतीस. मी तुझ्या तोंडाकडेच बघत होतो. तू म्हणालीस, "ह्यात एकही चूक नाही. आमच्या विकूचीच आहे."

तू हे कौतुकाने म्हणालीस की घाबरून, हे मी अकरा वर्षं ठरवतो आहे. मला वाटतं, कौतुकाने. तुझ्या तोंडून ते निघून गेलं. मुख्याध्यापक त्यावर थोडे हसलेसुद्धा. तेजस्विनीचे वडील हसले नाहीत. मग संध्याकाळी दाजी म्हणाले, मेव्हण्याला पोसतो ते ह्यासाठी नाही, आणि आठवड्याने दाखला निघाला. दहावीची सहामाही झाली होती. तो दाखला माझ्याकडे आहे. शाळा सोडण्याचे कारण या रकान्यात 'पालकांच्या विनंतीवरून' असं लिहिलं आहे. 'विनंतीवरून' शब्दात त्यांनी पहिली वेलांटी दीर्घ केली आहे. अर्जावर पालक म्हणून सही तुझी होती.

मी तुला दोष देत नाही, असं कच्च्या कागदावर तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं. म्हणजे थोडा देत असणार. तू तेव्हा सव्वीस वर्षांची होतीस, आईवडील नव्हते, घर दाजींचं होतं, आणि मी तुमच्याकडे राहत होतो. हे मला तेव्हाही कळत होतं. बाहेरून परीक्षा देण्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म तू दोनदा आणून दिलास. तो मी भरला नाही. त्याचा दोष तुझा नाही.

आता तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. चिठ्ठी मालिकेतली नाही. कुठल्याही भागात तसलं काही नाही. पण हे मला पहिला भाग बघायच्या आधीपासून माहीत होतं.

तू फोनवर म्हणालीस, शेफाली 'परीक्षा' शब्द आजवर एकदाही बरोबर लिहू शकली नाही, आणि त्या चिठ्ठीत ऱ्हस्वदीर्घाची एक चूक नाही. म्हणून दाजींनी ठरवलं की हे तिचं लिहिणं नव्हे. कोणीतरी मोठा, शिकलेला माणूस तिच्याकडून लिहून घेतो आहे. म्हणून मोबाइल काढून घेतला, क्लास बंद केला, आणि म्हणून दाखला.

तो मोठा माणूस मी आहे. शिकलेला नाही, एवढाच फरक.

दिवाळीच्या सुट्टीत ती प्रेसवर आली होती. तू डब्यात करंज्या पाठवल्या होत्यास, तो दिवस. स्टुलावर बसून तिने विचारलं, मामा, 'कदाचित'मधली वेलांटी कोणती? मी सांगितलं. मग 'मैत्रीण' विचारलं. मग 'निश्चित'मधला श. मी म्हटलं, सगळंच दाखव. तिने कागद दिला, पण वरचं नाव हाताने झाकून. हात निघाला तेव्हा कळलं, आधी तिच्या वर्गात असलेला राजस नावाचा मुलगा आहे. तो दुसऱ्या तुकडीत गेला आणि आता डबा खायला सोबत नसतो, हा त्या चिठ्ठीचा विषय. तू वाचलीच आहेस. त्यापलीकडे काही नाही.

मी अकरा चुका काढल्या. मजकुराला हात लावला नाही. फक्त शेवटी तिने 'तू बोलला नाहीस तर मी मरेन' असं लिहिलं होतं. मी विचारलं, हे खरं आहे का. ती म्हणाली, नाही, सिरियलमध्ये म्हणतात. मी म्हटलं, मग काढ. तिने काढलं. मालिकेतून तिने उचललं होतं ते एवढंच, आणि तेही चिठ्ठीत राहिलेलं नाही.

पुढे मी विचारायला लागलो की हा राजस कसा आहे, अभ्यासात कसा, घर कुठे. तेव्हा ती म्हणाली, "मामा, तू प्रूफ बघतोयस. बाप होऊ नकोस."

तिने तिथेच प्रेसच्या काउंटरवर नवी प्रत काढली. ओळी सरळ याव्यात म्हणून मी खाली पट्टी धरली. ती चिठ्ठी तिने राजसला अजून दिलेलीच नव्हती. तीच तुला सापडली.

तुझा फोन आला तेव्हाच मी हे सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी म्हणालो, बघतो मालिका. त्याला आज बारा दिवस झाले. बारा दिवस मी रोज दोन भाग बघत होतो आणि टिपणं काढत होतो, आणि तिकडे शेफाली शाळेतून घरी आणि घरातून शाळेत. तिने माझं नाव घेतलं नाही. दाजींनी तिला तीनदा विचारलं, असं तूच सांगितलंस. तीनदा ती 'मीच लिहिली' म्हणाली आणि कोणी विश्वास ठेवला नाही. ती खरं बोलत होती. चिठ्ठी तिचीच आहे. शुद्धलेखन फक्त माझं.

मी का बोललो नाही, याचं कारण साधं आहे. मला दाजींची भीती वाटते. सत्ताविसाव्या वर्षी हे लिहायला बरं वाटत नाही. खडकीला तुमच्या क्वार्टरचा जिना चढताना अजूनही मी शर्टाची बटणं तपासतो. त्यांनी मला प्रेसमध्ये चिकटवलं, हे मी विसरलेलो नाही, आणि तेही मला विसरू देत नाहीत. हे कळल्यावर ते म्हणतील, एकाचं वाटोळं झालं, आता भाचीचं करायला निघाला. तुमचं घर मला बंद होईल. होऊ दे, असं मी लिहू शकत नाही, कारण दुसरं घर मला नाही. पण सासवडला जायचं ते तिने माझ्यामुळे, हे मला चालणार नाही.

मालिकेचा निकाल विचारशील तर, पाहू दे तिला. सहलीचे चार भाग सोडायला सांग.

उद्या शुक्रवार. दाजी पहिल्या पाळीहून चारला घरी येतात. मी पाचला येतो. सरांकडून सुट्टी घेतली आहे. कशाला हवी, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बहिणीकडे एक काम आहे. ते म्हणाले, चेहऱ्यावरून काम तुझ्या बहिणीकडे नाही, मेव्हण्याकडे दिसतंय. दाजींना जे सांगायचं ते मी स्वतः सांगेन. येताना अकरा चुकांचा शेफालीच्या हातचा मूळ कागद घेऊन येतो. तो मी फेकला नव्हता. तो पाहिल्यावर चिठ्ठी कोणाची, याबद्दल दाजींना शंका राहणार नाही. तू मधे बोलू नकोस. शेफालीला तेवढ्यापुरतं सुशीलाबाईंकडे पाठव.

माझं ऐकूनही दाजी बदलले नाहीत, तर सोमवारी ते अर्ज तुझ्यापुढे ठेवतील. अर्जावर आईचीही सही लागते, ती ते मागतील. मी तेव्हा तिथे नसेन आणि तुला घाईने विचारलं जाईल, म्हणून आज लिहून ठेवतो.

ताई, सही करू नकोस.

शेफालीचा मामा,
विक्रम